कापडाच्या धंद्यातला माणूस पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या बांधायला बसला, त्या फ्रेडरिक हॅलफोर्डची गोष्ट

इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही विचारा, हॉल अँड नाइट म्हणजे काय? तो लगेच सांगेल, बीजगणिताचं पुस्तक. काही जण कपाळाला हातही लावतील. १८८७ साली आलेलं हे पुस्तक आजही आपल्याकडे क्लासच्या पोरांच्या दप्तरात सापडतं.

पण यातला हॉल, म्हणजे हेन्री सिंक्लेअर हॉल, ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात गणिताचा मास्तर होता आणि सुट्टी मिळाली की नदीवर मासे धरायला पळायचा, हे फार थोड्यांना माहिती असतं. त्याने आणि त्याच्या जॉर्ज बँकार्ट नावाच्या मित्राने मिळून १८७० च्या दशकात एक बारीकसा गळ तयार करवून घेतला. त्या गळाच्या टोकाला सुईसारखं नेढं होतं.

त्या नेढ्याच्या जोरावर पुढे एका माणसाने आख्खं शास्त्र उभं केलं. त्याचं नाव फ्रेडरिक मायकल हॅलफोर्ड. आजची गोष्ट त्याची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे कोकणात लोक खाडीच्या कडेला गरवायला बसतात. गरीला कोळंबी लावायची, गांडूळ लावायचं नाहीतर पिठाची गोळी लावायची आणि वाट बघायची. मासा वासाने येतो, खातो, अडकतो. इंग्लंडमधल्या ट्राउट माशाचं प्रकरण वेगळं. तो नदीत एका जागी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाण्यावरून वाहत येणारे किडे टिपतो. हे किडे इतके नाजूक असतात की गळाला लावायला गेलं की त्यांचा चेंदामेंदा होतो. म्हणून मग गळावरच पिसं, लोकर, रेशीम गुंडाळून नकली माशी बनवायची. यालाच माशी बांधणं म्हणतात.

ही कला जुनी आहे, शेकडो वर्षांची. पण हॅलफोर्डच्या आधी बहुतेक लोक ही माशी बुडवून वापरायचे. दोन-तीन माश्या एका दोरीला बांधायच्या, प्रवाहाच्या दिशेने सोडायच्या, पाण्याखाली फिरवायच्या, कुठला तरी मासा लागेल या आशेवर. माशी तरंगवायची कल्पना काही जणांना सुचली होती. जॉर्ज पुलमन नावाच्या एका इंग्रजाने १८४० च्या दशकातच त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. पण ती कशी बनवायची, का तरंगते, कुठल्या किड्यासाठी कुठली माशी, हे सगळं नीट मांडून कुणी ठेवलेलं नव्हतं.

हॅलफोर्डचा जन्म १३ एप्रिल १८४४ चा, बर्मिंगहॅमचा. तेव्हा त्याचं आडनाव हॅलफोर्ड नव्हतंच. ते होतं हायम. घराणं ज्यू, धंदा तयार कपड्यांचा, आणि धंदा चांगला मोठा. फ्रेडरिक लहान असतानाच कुटुंब लंडनला आलं. १८७५ साली घरच्यांनी आडनाव बदलून हॅलफोर्ड केलं. तो तेव्हा तिशी ओलांडलेला, धंद्यात मुरलेला माणूस होता.

म्हणजे बघा, ज्याला आज सगळं जग अस्सल इंग्लिश खेळाचा अस्सल इंग्लिश गुरू मानतं, तो गावाकडचा जमीनदार नव्हता, की सरदार घराण्यातला नव्हता. शहरातला कपड्यांचा व्यापारी होता. मला व्यक्तिशः वाटतं की त्याच्या कामात हे दिसतं. रंगाची छटा, धाग्याची जात, नगाला नग जुळणं, हे त्याचं जे वेड होतं ते कापडाच्या धंद्यातल्या माणसाला शोभणारं आहे.

लहानपणी तो थेम्सवर मासे धरायचा, साध्या पद्धतीने. १८६८ साली त्याला लंडनच्या दक्षिणेला वँडल नावाच्या छोट्या नदीवर जायची संधी मिळाली. तिथे लोक कोरडी माशी वापरत होते. कोरडी म्हणजे पाण्यावर तरंगणारी. त्याने पहिल्यांदा ते पाहिलं आणि गडी त्यातच अडकला.

वँडलनंतर १८७७ पासून तो हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीवर, हॉटन गावापाशी जायला लागला. नदीचं नावच टेस्ट. क्रिकेटशी संबंध नाही.

ही टेस्ट, तिच्या शेजारची इचेन, या नद्या वेगळ्याच असतात. खाली सगळा खडूचा दगड. पाऊस पडला की पाणी त्या खडूत मुरतं आणि वर्षभर हळूहळू झऱ्यांतून बाहेर येतं. त्यामुळे आपल्या नद्यांसारखा पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडखडाट असा प्रकार नाही. पाणी बाराही महिने गार, संथ आणि काचेसारखं स्वच्छ. तळाचं शेवाळ दिसतं, शेवाळाच्या बाजूला उभा असलेला मासा दिसतो.

आणि तुम्हाला मासा दिसतो म्हणजे माशालाही तुम्ही दिसता. इथेच सगळी गोम आहे.

खळाळत्या डोंगरी ओढ्यात माशाला विचार करायला वेळ नसतो. समोरून काहीतरी आलं की गिळायचं, नाहीतर ते गेलं. टेस्टसारख्या संथ पाण्यात तो किडा येताना बघतो, त्याच्यासोबत थोडा मागे वाहतो, निरखतो आणि मग ठरवतो. तिथे बुडवलेल्या माश्यांची जुनी पद्धत चालेना. मासा पाठीमागून गाठायचा, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने. माशी त्याच्या पुढे फूटभर अलगद पडली पाहिजे. पडल्यावर ती खऱ्या किड्यासारखी उभी राहून वाहत आली पाहिजे. दोरीने तिला जरा जरी ओढलं तर मासा ओळखतो आणि निघून जातो.

आता लोखंडाचा गळ तरंगवायचा कसा? पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट जड. त्याला चार पिसं बांधली म्हणून तो हलका होत नाही.

याचं उत्तर पृष्ठताणात आहे. पाण्याच्या वरच्या थराला एक ताण असतो, त्यावरच पाणकिडे चालतात. सुई अलगद आडवी ठेवली तर पाण्यावर राहते, हा शाळेतला प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. माशीचंही तसंच. कोंबड्याच्या मानेवरचं लांब, चमकदार, ताठ पीस घ्यायचं आणि ते गळाच्या दांडीभोवती कडेवर गुंडाळायचं. मग त्याचे तंतू चारी बाजूंना काट्यांसारखे उभे राहतात. पाण्यावर पडली की माशी या तंतूंच्या टोकांवर उभी राहते, वजन वाटलं जातं आणि पाण्याचा पापुद्रा फाटत नाही. कोंबडीचं पीस चालत नाही, ते मऊ असतं आणि पाणी पितं. कोंबडाच हवा, तोही वयाने मोठा. त्याच्या पिसाला ताठपणा असतो.

पण पीस कितीही चांगलं असलं तरी थोड्या वेळाने भिजतंच. म्हणून मग दोरी हवेत पुढे-मागे दोन-चार वेळा फिरवायची, पाण्याला न टेकवता. त्याने पाणी झटकलं जातं. सिनेमात नदीत उभा राहून हवेत दोरी फिरवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तो स्टाइल मारत नसतो, माशी वाळवत असतो.

आणि इथे आपला गणिताचा मास्तर येतो.

त्याच्या गळाच्या आधी माशीच्या गळाला सहसा नेढं नसायचं. रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथीपासून काढलेली तात गळाच्या दांडीलाच धाग्याने बांधून टाकायचे आणि त्यावर माशी बांधायचे. म्हणजे तात आणि माशी एकच. ओल्या माशीसाठी हे ठीक होतं. पण कोरडी माशी दिवसभर हवेत फटकारे खाते. तात नेमकी गळाच्या मुळाशी झिजून तुटायची आणि तासभर खपून केलेली माशी झाडावर नाहीतर माशाच्या तोंडात राहायची. तुटली नाही तरी तात खराब झाली की माशीही फेकायची. नेढ्याचा गळ आल्यावर माशी वेगळी आणि तात वेगळी झाली. झिजलेला तुकडा कापायचा, पुन्हा गाठ मारायची, काम चालू. शिवाय दांडीवरची तातेची जाडी गेल्यामुळे माशी बारीक आणि हलकी झाली.

साधी गोष्ट वाटते. पण याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. हॅलफोर्डने हे ओळखलं आणि तो या गळाचा मोठा प्रचारक झाला.

तर १८७९ साल. विंचेस्टर शहरात जॉन हॅमंड याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. तिथे हॅलफोर्डची गाठ पडली जॉर्ज सेल्विन मॅरियट याच्याशी.

मॅरियट त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. इंग्लंडमधला सगळ्यात तयारीचा मासेमार म्हणून त्याला जो तो मानायचा. किडे ओळखण्यात पटाईत, माशी बांधण्यात पटाईत, दोरी टाकण्यात तर विचारूच नका. एकच गोष्ट तो करत नव्हता, ती म्हणजे लिहिणं. त्याचं छापील लिखाण जवळपास नाहीच.

हॅलफोर्डचं उलट होतं. त्याची चिकाटी भयंकर, टिपणं काढायची सवय दांडगी. दोघांची जोडी जमली. १८८० मध्ये हॅलफोर्डने हॉटनजवळ बॉसिंग्टन मिल इथे, नदीच्या अगदी काठावर, मुक्कामाची जागा घेतली आणि काम सुरू झालं.

काम म्हणजे काय, तर पाण्यावर दिसणारे किडे पकडायचे, ओळखायचे, जपून ठेवायचे. धरलेल्या माशांची पोटं फाडून आत काय आहे ते बघायचं. किड्याचं अंग किती जाड, पंखाचा रंग कुठला, शेपटीला किती केस, हे नोंदवायचं. मग त्याची नकल बांधायची, पाण्यावर सोडायची, मासा घेतो का बघायचं, नाही घेतली तर उसवून पुन्हा बांधायची. काही वर्षं हेच चाललं.

या किड्यांचं आयुष्यही विलक्षण असतं. मेफ्लाय घराण्यातला किडा आयुष्याचा जवळपास सगळा काळ पाण्याखाली अळीसारखा काढतो. मग एके दिवशी वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर कात फोडतो, पंख वाळेपर्यंत शिडाच्या होडीसारखा वाहत राहतो आणि उडून काठावरच्या झाडाला जाऊन बसतो. तेव्हा त्याचे पंख मळकट असतात. तिथे तो पुन्हा एकदा कात टाकतो, पंख काचेसारखे होतात, हवेत नाच होतो, मादी पाण्यावर अंडी सोडते आणि खेळ खल्लास. पंख फुटल्यानंतरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. त्याला तोंड असून खाता येत नाही.

हॅलफोर्डला या शेवटच्या एक-दोन दिवसांतल्या किड्याची हुबेहूब नकल हवी होती. मळकट पंखांची वेगळी, काचेच्या पंखांची वेगळी. नराची वेगळी, मादीची वेगळी.

१८८६ साली पुस्तक आलं. तरंगत्या माश्या आणि त्या कशा बांधायच्या, असंच त्याचं सरळ नाव. त्यात ९० माश्यांच्या कृती आणि हाताने रंगवलेली चित्रं होती. पुस्तकावर नाव फक्त हॅलफोर्डचं. त्याने मॅरियटला सहलेखक व्हायला सांगितलं होतं, मॅरियटने नकार दिला.

यावरून आजही वाद होतात. काही जण म्हणतात, डोकं सगळं मॅरियटचं, हॅलफोर्ड नुसता लेखनिक. मला हे पटत नाही. मॅरियटला जे येत होतं ते त्याच्या हातात होतं, आणि हातातलं कागदावर उतरवणं हे वेगळंच काम आहे. आजीच्या हातच्या पुरणपोळीचं माप लिहून काढायला बसा म्हणजे कळेल. १८९६ साली मॅरियट गेला. हॅलफोर्डने ते पुस्तक लिहिलं नसतं तर मॅरियटचं नाव आज कुणाला माहिती असतं, हाही प्रश्नच आहे.

पुस्तकातली एक नमुन्याची माशी कशी बांधायची ते थोडक्यात बघू. गळ छोट्या शिकंज्यात घट्ट धरायचा. रेशमी धाग्याला मेण लावायचं, म्हणजे तो सुटत नाही आणि पाणीही कमी पितो. दांडीवर धाग्याचे वेढे. शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे चार-पाच तंतू. अंगाला मोराच्या पिसाचा एक तंतू, त्यावरची लव नखाने खरवडून काढलेली. लव काढली की आतली काडी राहते, तिला एका कडेला गडद आणि एका कडेला फिकी रेघ असते. ती दांडीवर गुंडाळली की किड्याच्या अंगावर असतात तसे पट्टे आपोआप उमटतात. शिवाय काडी पाणी शोषत नाही. पंखांना स्टार्लिंग पक्ष्याच्या, म्हणजे आपल्या मैनेच्या चुलतभावाच्या पिसाचे तुकडे, दुहेरी घेतलेले, उभे आणि फाकलेले. शेवटी डोक्याशी कोंबड्याचं पीस गुंडाळायचं आणि नेढ्यामागे गाठ. हे सगळं नखाएवढ्या गळावर.

मोठ्या मेफ्लायसाठी आणखी एक युक्ती होती. तिचं अंग गळाच्या दांडीवर न बांधता सुटं बांधून वर उचललेलं ठेवायचं, खऱ्या किड्याची शेपटी असते तसं. या सुट्या अंगाच्या माशीवरून आणि बॅजर नावाच्या काळ्या-पांढऱ्या पिसावरून हॅलफोर्डने स्वतःचं टोपणनाव घेतलं होतं, डिटॅच्ड बॅजर. ‘द फील्ड’ या साप्ताहिकात तो याच नावाने लिहायचा.

आज माशी बांधणारी पोरं हे सगळं बघून हसतील, कारण त्यांच्याकडे फोम आहे. चपलेच्या तळव्याला असतो तसाच, बंद पोकळ्यांचा. त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो भिजतच नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून पट्टी कापायची, दांडीवर आधी धाग्याचा खरखरीत थर द्यायचा म्हणजे पट्टी गरगर फिरत नाही, थेंबभर गोंद लावायचा आणि पट्टी जागोजाग आवळून नाकतोड्याच्या पोटासारखे खंड पाडायचे. पहिले दोन वेढे सैल, मग ताण. पहिल्याच वेढ्याला जोर लावला तर धागा फोम कापतो, आणि सगळीकडे आवळून चपटा केला तर आतली हवा जाते, तरंगणंही जातं. फोम गळाच्या पोटात भरून राहिला तर माशी झकास तरंगते, पण मासा लागतच नाही, कारण टोचायला जागा उरत नाही. वरून एक पिवळा किंवा नारिंगी तुकडा लावायचा, तो माशासाठी नाही, आपल्याला लांबून दिसावा म्हणून. हॅलफोर्डला यातलं काहीच मिळालं नव्हतं. त्याला तरंगणं पिसातून काढावं लागलं.

पहिल्या पुस्तकाने त्याचं नाव झालं. १८८९ मध्ये दुसरं आलं, कोरड्या माशीने मासे कसे धरायचे याबद्दलचं. त्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने धंद्यातून अंग काढून घेतलं आणि पुढचं सगळं आयुष्य नदीवर घालवायचं ठरवलं.

इंग्लंडबाहेरही त्याची पत्रापत्री चालायची. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वरच्या डोंगराळ भागात थिओडोर गॉर्डन नावाचा एक किरकोळ प्रकृतीचा, एकटा राहणारा माणूस होता. त्याने हॅलफोर्डला पत्र लिहून कोरड्या माश्यांबद्दल विचारलं. फेब्रुवारी १८९० मध्ये हॅलफोर्डने त्याला माश्यांचे नमुने पाठवून दिले. गॉर्डनने ते नीट बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की अमेरिकेतले किडे वेगळे आहेत आणि तिथल्या नद्या कितीतरी वेगवान आहेत. त्या खळाळात इंग्लिश माशी टिकायची नाही. त्याने स्वतःच्या माश्या बांधल्या. पुढे १९३० च्या आसपास ली वुल्फने पिसाच्या पंखांऐवजी हरणाच्या शेपटीचे केस वापरले, म्हणजे माशी आणखी चिवट आणि तरंगती झाली. त्यानंतर फोम आला. हॅलफोर्डच्या पाकिटातून निघालेली ही एक वेगळीच शाखा.

इकडे इंग्लंडमध्ये मात्र गोष्ट दुसऱ्याच वळणाला लागली.

हॅलफोर्डच्या पद्धतीचा हळूहळू पंथ झाला. वर आलेला मासा दिसल्याशिवाय दोरी टाकायची नाही. प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकायची. त्या क्षणी पाण्यावर जो किडा आहे त्याचीच नकल वापरायची, आणि ती तरंगतीच असली पाहिजे. मासा वर येत नसेल तर काठावर बसून राहायचं. टेस्ट आणि इचेनवरच्या मोठमोठ्या मंडळींनी हे नियमच करून टाकले. बुडती माशी वापरणं म्हणजे जवळपास लबाडी, असं वातावरण झालं. याला हॅलफोर्डचं लिखाण जबाबदार होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या भक्तांनी त्यात भर घातली हेही खरं, पण वय वाढलं तसा तो स्वतःही कडक होत गेला.

गंमत म्हणजे पोटं फाडून बघितलेल्या या माणसाला माहिती होतं की ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखाली होतं. पृष्ठभागावर येणारा किडा ही त्याची कधीमधीची मेजवानी. रोजचं खाणं म्हणजे खालच्या अळ्या, गोगलगायी, बारीक झिंगे.

हा मुद्दा पकडला जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज याने. स्क्यूज लंडनमध्ये वकिली करायचा. हॅलफोर्डपेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि सुरुवातीला त्याचा पक्का चाहता. इचेनवर मासे धरताना त्याच्या लक्षात आलं की अनेकदा मासा वर आलेला दिसतो, पाणी फुगतं, पण तो वरचा किडा घेतच नाही. तो वर येऊ घातलेली अळी पापुद्र्याच्या इंचभर खालीच टिपतो. अशा माशापुढे दिवसभर तरंगती माशी नाचवली तरी उपयोग नाही. स्क्यूजने मऊ पिसाची, पाणी पिणारी, किंचित बुडणारी माशी बांधली. म्हणजे हॅलफोर्डने जे जे टाळलं ते सगळं त्याने मुद्दाम केलं. आणि त्याला मासे लागायला लागले.

१९१० साली दोघांचीही पुस्तकं आली. स्क्यूजचं पुस्तक पाण्याखालच्या माशीची बाजू मांडणारं होतं, तेही फार नम्रपणे, जणू कोरड्या माशीला थोडीशी जोड म्हणून. हॅलफोर्डच्या पुस्तकात त्याने आपल्या जुन्या जवळपास सगळ्या माश्या मोडीत काढल्या होत्या. ९० वरून तो ३३ वर आला. या ३३ माश्यांमध्ये नर-मादी, मळकट पंख-काचेचे पंख, सगळं वेगवेगळं. सोबत रंगांचे तक्ते, म्हणजे कुठल्या पिसाला नेमकी कुठली छटा द्यायची ते बांधणाऱ्याला चुकायला नको.

मला या टप्प्यावरचा हॅलफोर्ड सगळ्यात जास्त विचारात पाडतो. पासष्टी ओलांडलेला माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पुस्तकाने नाव कमावलं त्यातल्या कृती रद्द करायची त्याची तयारी आहे. ही साधी गोष्ट नाही. पण बदल कशात, तर रंग आणखी अचूक करण्यात. पाण्याचा पापुद्रा ओलांडून इंचभर खाली बघायची मात्र तयारी नाही.

आणि त्याच्या त्या दुहेरी पंखांबद्दल पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं की माशी तरंगते ती कोंबड्याच्या पिसावर. पंख काढून टाकले तरी मासा घेतो. पंखांचं कौतुक काठीच्या या टोकाला असलेल्या माणसालाच जास्त असतं. आजच्या कित्येक यशस्वी कोरड्या माश्यांना पंखच नसतात.

तरीही ज्यांनी नंतर त्याला खोडून काढलं त्यांनी माशी बांधायला शिकलं ते त्याच्याच पुस्तकातून. स्क्यूजनेसुद्धा.

शेवटची काही वर्षं हॅलफोर्डने मॉटिसफॉंट इथे टेस्टचा एक पट्टा घेतला होता. नदीच्या फाट्यावर लाकडी झोपडी, मोजके मित्र, डब्यात ३३ जातींच्या माश्या. नदी नीट कशी राखायची, शेवाळ कधी आणि किती कापायचं, काठ कसे सांभाळायचे, यावरही त्याने आधी एक पुस्तक लिहिलं होतं. किड्यांवर एक, आत्मचरित्र एक, आणि १९१३ मध्ये शेवटचं, कोरड्या माशीवाल्यांसाठीचं हातपुस्तक.

त्या हिवाळ्यात तो ट्युनिसला गेला. त्या प्रवासानंतर त्याला न्यूमोनियाने गाठलं आणि ५ मार्च १९१४ रोजी, सत्तरी गाठायला महिनाभर उरला असताना, तो गेला. त्यानंतर पाच महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं.

त्याचा वाद मात्र त्याच्यासोबत गेला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये, म्हणजे तो जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर जाहीर चर्चा ठेवली गेली. विषय, खडूच्या नद्यांवर पाण्याखालची माशी वापरावी की नाही. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता आणि भरल्या सभेत आपली बाजू मांडायला उभा होता. समोर हॅलफोर्डचे वारसदार. सभेचा कल त्याच्या विरोधात होता. ज्या इचेनच्या पट्ट्यावर तो अर्धशतक मासे धरत होता तिथल्या सोबत्यांनाही त्याची पद्धत खटकत होती, आणि त्याच वर्षी त्याने तो पट्टा सोडला.

आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट नाही, त्याला बाराही महिने गार पाणी लागतं. काश्मीर, हिमाचल आणि तिकडे निलगिरीत इंग्रजांनी आणून सोडलेला ट्राउट आहे. तिथे काठी घेऊन गेलात तर भाड्याने मिळणाऱ्या डब्यात ओल्या, कोरड्या, फोमच्या सगळ्या माश्या शेजारी शेजारी असू शकतात, आणि कुणी भांडत नाही.

टेस्टवर मात्र अजूनही कित्येक पट्ट्यांवर हंगामाच्या सुरुवातीला फक्त तरंगती माशी चालते. बुडती माशी डब्यातून काढायला १ जुलैपर्यंत थांबावं लागतं.